गाडीच्या पोटावरचं साल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खेळण्यातल्या जुन्या गाड्यांवर लेख आला, त्याला आज तीन आठवडे झाले. एवढ्या दिवसांत सतरा जण माझ्याकडे गाड्या घेऊन येऊन गेले. त्यांत दोन शेजारी, एक साडू, व्याह्यांचे धाकटे बंधू आणि ज्यांच्याशी लिफ्टमधल्या नमस्कारापलीकडे माझा काही संबंध नाही असे चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ. प्रत्येकाने गाडी उलटी करून माझ्यापुढे धरली आणि पोटावरचं साल दाखवलं. गाडी किती जुनी हे तळावरच्या सालावरून कळतं, असं आपल्या लेखात म्हटलं होतं. ते चूक आहे. ते दुरुस्त व्हावं म्हणून हे पत्र. बाकीचं ओघात येईल तसं लिहितो. जागा नसेल तर खुशाल कापा, पण सालाचं तेवढं छापा.

मी एकतीस वर्षं प्रेशर डायकास्टिंगच्या कारखान्यात टूलरूमला होतो. खेळणी आम्ही कधी केली नाहीत. आमच्याकडे कुलपांच्या बॉड्या, कार्ब्युरेटरचे भाग, दारांच्या मुठी. पण कृती तीच. पोलादाचा दोन फाळ्यांचा डाय, म्हणजे साचा, करायचा, त्यात वितळलेलं जस्ताचं मिश्रण दाबाने घुसवायचं, ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत आळतं, मग इजेक्टर पिनांनी बाहेर ढकलायचं. खरा खर्च आणि खरी अक्कल असते ती डायमध्ये. तो करायला महिने जातात, म्हणून एकदा केलेला डाय कुणी दोन वर्षांत भंगारात टाकत नाही. रंग बदलतात, चाकं बदलतात, बाजूची चित्रं बदलतात, डाय तोच. गाडीच्या तळावर असतं ते साल त्या नमुन्याच्या मालकी हक्काचं. ते डायमध्येच कोरलेलं असतं, आणि डाय पुढे वीस वर्षं चालला तर विसाव्या वर्षीच्या गाडीच्या पोटावरही तेच साल उमटतं.

तेव्हा हॉट व्हील्सच्या गाडीवर १९६९ दिसलं म्हणून ती १९६९ची ठरत नाही. साल सोडा, देश वाचा. हॉट व्हील्सच्या सुरुवातीच्या गाड्या अमेरिका आणि हाँगकाँगच्या. मलेशिया, थायलंड ही नावं नंतर आली. मॅचबॉक्सच्या गाडीवर ती मूळ काढणाऱ्या लेस्ने कंपनीचं नाव आणि इंग्लंड दोन्ही असेल तर ती जुन्या घरातली. लेस्ने १९८२ साली बुडाली आणि त्यानंतर काम मकाव, चीन, थायलंड असं फिरत गेलं. शिवाय २००८पासून हॉट व्हील्सच्या तळावर एक रोमन अक्षर आणि दोन आकडे बारीक ठोकलेले असतात. अक्षरावरून वर्ष, आकड्यावरून आठवडा. भिंग लागतं, पण दिसतं. साडूंच्या गाडीवर हे अक्षर सापडलं. साल जुनं होतं, देश थायलंड होता, आणि हिशेब केला तर गाडी त्यांच्या नातीपेक्षा लहान निघाली. साडू म्हणाले, ‘मग छापतात कशाला?’ प्रश्न रास्त आहे, पण तो मला विचारून उपयोग नाही.

चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांची कथा वेगळी. लेखासोबत आपण गुलाबी फोक्सवॅगन व्हॅनचं चित्र छापलं होतं, आणि त्यांच्या मुलाच्या जुन्या डब्यात गुलाबी व्हॅन होती. चित्रातली ती १९६९ची बीच बॉम्ब. सर्फबोर्ड मागच्या काचेतून आत खुपसलेले. गाडी अरुंद आणि वरून जड, त्यामुळे रुळावर वेग देणाऱ्या यंत्रातून ती नीट जाईना. म्हणून नमुना बदलला, गाडी रुंद केली आणि बोर्ड दोन्ही बाजूंच्या खाचांत बसवले. दुकानात गेली ती ही बदललेली. मागून बोर्ड घातलेल्या फक्त चाचणीच्या गाड्या उरल्या, आणि त्यांतल्या गुलाबी दोनच माहीत आहेत. हे लेखात आलं असतं तर बरं झालं असतं. त्या गृहस्थांची व्हॅन या दोन्हींतली नव्हतीच, अलीकडची होती, तळ प्लास्टिकचा. मी ते जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. त्यांनी गाडी खिशात घातली, आणि आता लिफ्टमधला नमस्कारही गेला.

लेखातली दुसरी गोष्ट मला जास्त खुपली. खोका उघडू नका, गाडी हाताळू नका, मोल वाढेल, असा सल्ला होता. एक तर खोक्यात ठेवली म्हणून गाडी टिकतेच असं नाही. डिंकी या इंग्रजी छापाच्या दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी गाड्या कुणी हात न लावता पेटीतल्या पेटीत भेगाळल्या, फुगल्या आणि भुगा झाल्या. जस्तात सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम, थोडं तांबं, चिमूटभर मॅग्नेशियम असं ते मिश्रण. त्यात शिशाचा अंश गेला की धातू कणाकणांच्या सांध्यांतून आतून कुजतो. आमच्या खात्यात भट्टीजवळ शिशाचा तुकडा घेऊन कुणी आलं तर फोरमन अंगावर धावून जायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा वेडा आहे.

आणि मुळात जुनी गाडी दुर्मीळ होते कशाने? पोरांनी खेळून. पायरीवरून सोडून, वाळूत पुरून, एकमेकांवर आदळून. लाखांनी निघालेल्या गाड्या पोरांच्या हातून गेल्या, म्हणून उरलेल्यांना किंमत आली. सगळ्यांनी तुमच्या लेखाचा सल्ला तेव्हाच ऐकला असता तर आज घरोघरी माळ्यावर खोकी असती आणि कुणी त्यांच्याकडे वळून पाहिलं नसतं. आता कंपन्या तेवढी वाट बघत नाहीत. हॉट व्हील्सने १९९५मध्ये ट्रेझर हंट नावाची मालिका काढली: बारा गाड्या, प्रत्येकीचे दहा हजार नग, नेहमीच्या मालात मिसळून पाठवलेले. २००७पासून त्यांत ‘सुपर’ आली, चकाकता रंग आणि रबरी टायरवाली. म्हणजे दुर्मीळपणा कारखान्यातूनच मोजून येतो. गाडी अजून हुकावर टांगलेली असते आणि ती दुर्मीळ झालेलीही असते.

याचा परिणाम मी नातवाबरोबर पाहिला आहे. दुकानात एक सद्गृहस्थ हुकांवरची, गाड्या लावलेली सगळी कार्डं पत्ते पिसल्यासारखी पाहत होते. हवं ते निघालं नाही, तेव्हा दुमडलेल्या कोपऱ्यांची कार्डं तशीच सोडून निघून गेले. नातू मागे उभा होता, त्याला फक्त लाल ट्रक हवा होता. मी त्या गृहस्थांना बोलणार होतो, पण बोललो नाही. खरं सांगतो, त्याआधी एकदा मीसुद्धा एक गाडी मागच्या रांगेत, कुणी सहसा हात घालणार नाही अशा हुकावर लपवून ठेवली होती. पाकीट घरी राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ती तिथे नव्हती. माझ्यासारखा आणखी एक कुणीतरी होता.

मी स्वतः ज्या गाडीच्या मागे आहे ती मात्र जुन्या तऱ्हेने दुर्मीळ झालेली आहे. कॉर्गी क्रमांक २६१. जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन डीबी ५, १९६५. कॉर्गी म्हणजे मेट्टॉय कंपनीचा छाप, कारखाना वेल्समध्ये स्वान्झीला, म्हणून नाव तिथल्या आखूड पायांच्या कुत्र्याचं. १९५६मध्ये त्यांनी पहिल्या गाड्या आणल्या तेव्हा काचा असलेल्या गाड्या अशीच त्यांची जाहिरात होती. डिंकीच्या गाड्यांना तोवर खिडकीच्या जागी नुसती भोकं. चित्रपटातली गाडी चंदेरी आहे, ही सोनेरी. चंदेरी रंग दिला तर गाडी रंगवायचीच राहिली असं वाटेल म्हणून सोनेरी केली, असं सांगतात. मला ते पटतं. उघडं जस्त डायमधून निघतं तेव्हा अगदी तसंच दिसतं. पुढे १९६८मध्ये चंदेरी काढली, क्रमांक २७०. ती जरा मोठी आहे आणि तिच्या नंबर प्लेट फिरतात. माझ्या मते हुशारी सगळी आधीचीत आहे.

ती हुशारी सांगतो, कारण टूलरूमच्या माणसाला ती पाहून अजून घाम फुटतो. हाताच्या बोटाएवढी गाडी. सायलेन्सरच्या नळ्या दाबल्या की मागच्या काचेमागे गोळ्या अडवणारी ढाल उभी राहते. एक बटण दाबलं की पुढून बंदुका बाहेर येतात. आणि बाजूचं बारीक बटण दाबलं की छपराचं झाकण उघडून चालकाशेजारचा बदमाश सीटसकट उसळी घेतो आणि माणूस हवेत. एवढ्या जागेत इतक्या स्प्रिंगा आणि इतक्या तरफा, त्याही पोरांच्या हातात टिकतील अशा. ड्रॉइंगबोर्डवर हे ज्याने बसवलं त्याला मी मनातल्या मनात अनेकदा सलाम केला आहे.

आमचे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी ही गाडी दादाला आणली. दादा बारा वर्षांचा, मी आठ. खोक्यात एक लिफाफा होता, गुप्त सूचनांचा, आणि त्यात एक जादा माणूस. म्हणजे हा माणूस हरवणार हे कंपनीला आधीच ठाऊक होतं. जादा माणूस दादाने पहिल्याच आठवड्यात घालवला, हे तो आजतागायत कबूल करत नाही. उरलेला मी घालवला, हे मात्र तो आजतागायत विसरत नाही. संध्याकाळी गच्चीवर दादाची नजर चुकवून मी बटण दाबलं. झाकण उघडलं, माणूस कठड्यावरून पलीकडे गेला. कंदील घेऊन आम्ही अर्धी रात्र खाली गवतात शोधत होतो. आई वरून हाका मारत होती. सापडला नाही. पुढे घर बदललं, त्यात गाडीही गेली. पण आजही दादाचा फोन आला की प्रकृतीची चौकशी नंतर. आधी विचारतो, ‘काय रे, सापडला का माणूस?’

निवृत्त झाल्यावर मी शोधायला बसलो. गाड्या मिळतात. लाखांनी निघाली होती ती. माणूस मिळत नाही, किंवा माणसासकट गाडी निघाली तर ती माझ्या पेन्शनच्या बाहेर. पहिली गाडी मी फोटो पाहून मागवली. फोटो चालकाच्या बाजूने काढलेला होता. तो का, ते खोकं उघडल्यावर कळलं. दुसरीत माणूस होता. अगदी ठाकठीक, नको इतका ठाकठीक. मी बटण दाबलं. झाकण उघडलं, सीट उचलली गेली आणि माणूस जागच्या जागी हलला, जणू कुणी त्याला जरा सरकून बसायला सांगितलं. काढून पाहिला तर धातूचा ओतलेला, वर रंग दिलेला. मूळ माणूस प्लास्टिकचा; तेवढंच वजन उडवायला ती स्प्रिंग केलेली. विकणाऱ्याने नकली माणूस असं लिहिलं असतं तर मी घेतलाही असता, गाडी रिकामी दिसू नये म्हणून. अशा माणसांना गिऱ्हाईक आहे आणि त्यात काही गैर नाही. गैर आहे ते न सांगणं. तिसऱ्या गाडीचं झाकण डिंकाने चिकटवलेलं होतं. तिच्याबद्दल लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

या तीन फजित्यांतून जे शिकलो ते आपल्या वाचकांच्या उपयोगाचं आहे. ज्याला वस्तू कळते तो तिचं नाव बरोबर लिहितो आणि किंमतही बरोबर लावतो. म्हणून नाव चुकीचं लिहून शोधा. ऑस्टिन ही वेगळीच कंपनी, पण अ‍ॅस्टन मार्टिनला ऑस्टिन मार्टिन लिहिणारे जगभर आहेत. नुसतं ‘सोनेरी गाडी’ असंही शोधा. आणि फोटो मागवायचा तो तळाचा मागवा, साल वाचायला नव्हे, रिव्हेट पाहायला. या जुन्या गाड्यांत तळाची पत्री ज्या खुंट्यांवर बसते त्या खुंट्या बॉडीच्याच कास्टिंगचा भाग असतात. पत्री बसवून त्यांची डोकी ठेचलेली असतात. डोकं गोल, गुळगुळीत आणि रंग-पत्र्याच्या वयाचंच दिसलं तर गाडी कधी उघडलेली नाही. तिथे खड्डा, ताजी चमक किंवा स्क्रू दिसला तर कुणीतरी ड्रिल मारून आत गेलं आहे. मग रंग नवा असेल, चाकं दुसऱ्या गाडीची असतील, काहीही असेल. एकदा ड्रिल मारलेली खुंटी पुन्हा उभी करता येत नाही. मी ज्याला त्याला हे सांगतो की अशी उघडलेली गाडी घेऊ नका, आणि स्वतःची तर कधीच उघडू नका.

अशाच उलट्या शोधात चौथी गाडी मला मिळाली. वर्णनात लिहिलं होतं, ‘जुनी सोनेरी गाडी, छप्पर मोडलेलं.’ फोटोत छपराचा एक तुकडा वर आलेला. मोडलेलं काही नव्हतं. झाकण उघडं होतं, इतकंच. विकणाऱ्या बाईंना ते उघडतं हे माहीत नसावं. मी त्यांना गाडी हाती आल्यावर कळवलं की ही अमुक आहे, तुम्ही कमी घेतलेत, फरक पाठवतो. त्यांचं उत्तर आलं की घरातली अडगळ गेली तेच पुष्कळ. फरक पाठवला नाही, हे मला अधूनमधून टोचतं, पण फार वेळ नाही.

रंग बोनेटवर घासलेला, एक बंदूक वाकडी, आतला लाल रंग मात्र तसाच. सायलेन्सर दाबला की ढाल उभी राहते. बटण दाबलं की सीट उसळते. सीट रिकामी आहे.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत चार ओळींत दुरुस्ती छापावी: तळावरचं साल नमुन्याचं, गाडीचं नव्हे. आणि जुनी गाडी विकणाऱ्यांनी जे बदललं असेल ते वर्णनात लिहावं: रंग, चाकं, माणूस. घेणारा तरीही घेतो.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टूलमेकर

ता. क. : वरचं पत्र लिहून झाल्यावर गाडी पुसून कपाटात ठेवताना आतून बारीक आवाज आला. कानाशी धरून हलवली. सीटच्या खाली, तळाच्या पत्र्यावर काहीतरी खुळखुळतंय. टॉर्च मारून काचेतून पाहिलं, दिसत नाही. स्प्रिंगचा तुटका तुकडा म्हणावा तर आवाज धातूचा नाही. लगेच दादाला फोन केला. तो म्हणाला, ‘उघड.’ मी त्याला रिव्हेटचं सगळं पुन्हा समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘उघड.’ म्हणून पत्र टाकायचं थांबवलं, म्हटलं काय निघतं ते कळवूनच टाकू. आज आठवा दिवस. हँडड्रिल टेबलावर आहे, तीन मिलिमीटरचं बिट लावलेलं. पत्र आज टाकतो आहे.